नळी चकचकीत, पण हवा कुठली?

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या फीनिक्सला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. ‘कोल्ड एअर इनटेक’, म्हणजे कंपनीने दिलेला एअर फिल्टर आणि इंजिनला हवा पोचवणारी नळी काढून त्यांच्या जागी ताकद वाढावी म्हणून बसवायचा संच: शंकूसारखा लालबुंद फिल्टर, मनगटाहून जाड चकचकीत नळी, खाली किंमत चारशे डॉलरच्या आसपास. सोबत एकच ओळ: ‘दादा, एफ-१५० ला लावू का?’ त्याच्या या फोर्ड पिकअपला पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. अमेरिकेत पिकअप घेतली की तिला काहीतरी लावल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. मी म्हटलं, लाव की, पण आधी हिशेब करू.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे नऊ हजार लिटर हवा. मिनिटाला सहा हजार फेरे घेणारं पाच लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पोट भरून हवा घेतं, म्हणजे मिनिटाला जवळपास १५,००० लिटर. गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या पंधरा टाक्या, एका मिनिटात. आकडा ऐकून कुणालाही वाटेल, नळी जाड हवीच!

पण ही हवा आत नेतं कोण? इंजिन हवा ‘ओढतं’ असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात पिस्टन खाली जाऊन फक्त जागा मोकळी करतो. हवा ढकलतं ते बाहेरचं वातावरण. समुद्रसपाटीला त्याचा दाब पाण्याच्या १०३३ सेंटिमीटर उंच स्तंभाइतका असतो. आता कंपनीचा फिल्टर, डबा आणि नळी मिळून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर २५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब खातात असं धरू. ही सगळी अडवणूक जादूने शून्य केली, तरी फायदा अडीच टक्क्यांच्या आतच. ४०० अश्वशक्तीवर फार तर दहा. तोही पाय पार खाली दाबला असेल तेव्हाच. एरवी रस्त्याने जाताना थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेलीच असते, म्हणजे हवा आपण स्वतःच अडवून धरलेली असते. नळाची तोटी अर्धी बंद ठेवून मागचा पाइप जाड केल्यासारखंच ते.

अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हेच उलट बाजूने तपासलं होतं. मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून गाड्या चालवल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, वेग घेण्याची ताकद मात्र कमी झाली. तेव्हा ‘मायलेज वाढेल’ असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर ते वाचून सोडून द्यावं.

खरी गोम तापमानात आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर होता. कंपनीची नळी बहुतेक गाड्यांत समोरच्या जाळीजवळून, बाहेरची हवा घेते. ती काढून उघडा शंकू बॉनेटखाली बसवला, तर सिग्नलला थांबल्यावर तो रेडिएटरवरून आलेली गरम हवा घेणार. ४३ ऐवजी ७० अंशांची हवा मिळाली तर तिची घनता आठ टक्क्यांनी घटते. अडवणूक काढून अडीच मिळवले आणि उष्णतेत आठ घालवले! शिवाय हवा तापलेली दिसली की इंजिनचा संगणक नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याच्या, भीतीने ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे ताकद आणखी उतरते. गाडी पळू लागली की हा फरक बराच कमी होतो, हे मान्य. तरीही घ्यायचाच असेल तर फिल्टरभोवती चहूबाजूंनी बंद डबा असलेला घ्यावा. तीन बाजूंनी पत्रा आणि वरून उघडा, असला नको.

मग धूळ. वाळवंटातली धूळ म्हणजे बरीचशी क्वार्ट्झ, लोखंडाला ओरखडे पाडणारी. फिल्टर तपासताना जगभर जी प्रमाणित धूळ वापरतात, तिचं नावच ‘अ‍ॅरिझोना डस्ट’ आहे. म्हणजे भाऊ परीक्षेच्या हॉलमध्येच राहतो! जाहिरातीत ‘९८.५ टक्के धूळ अडवतो’ असं लिहिलेलं असतं आणि ९९.५ टक्के अडवणाऱ्या फिल्टरच्या तुलनेत हा फरक किरकोळ वाटतो. पण इंजिनला अडलेल्या धुळीशी काय देणं-घेणं? आत गेलेली मोजा: अर्धा टक्का आणि दीड टक्का. तिप्पट! एअर फिल्टर तपासण्याच्या आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने घेतलेल्या चाचणीचे आकडे देणारा फिल्टर निवडावा. आणि थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा जास्त धूळ अडवतो, कारण साचलेला थरही गाळणीचं काम करतो. आपल्याकडे गॅरेजवाला दर खेपेला ‘हवा मारून’ देतो, त्यात कागदाचे तंतू फाटण्याचीच भीती जास्त.

नळीत एक तापवलेली बारीक तार असते. वाहती हवा तिला थंड करते, आणि ती तापलेली ठेवायला किती वीज लागते यावरून संगणक हवा मोजतो. त्या जागी नळीचा व्यास नुसता ५ टक्के वाढला, तरी छेद १० टक्क्यांनी वाढतो, हवा सावकाश जाते आणि तार कमी मोजते. मग पेट्रोल कमी पडतं, संगणक सारवासारव करतो, आणि फारच झालं तर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. बिघाडाचा कोड बहुधा पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. धुऊन पुन्हा वापरायच्या सुती फिल्टरला धूळ धरायला तेल लावतात; ते जास्त झालं तर तारेवर बसूनही असाच घोळ होतो.

पाण्याचं मुंबईकरांना सांगायला नको. हवा घेणारं तोंड खाली, चाकाजवळ नेणारे संच असतात, हवा तिथे गार असते म्हणून. पण भावाच्या इंजिनचं कॉम्प्रेशन १२ ला १ आहे, म्हणजे आत आलेली हवा बाराव्या हिश्शाइतक्या जागेत दाबली जाते. पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा अवघी ५७ मिलिलिटर. एका सिलिंडरमध्ये कटिंग चहाइतकं पाणी शिरलं की ते दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

आवाजाचं मात्र मी कबूल केलं. कंपनीच्या नळीला बाजूने जे रिकामे डबे जोडलेले दिसतात, ते बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमणाऱ्या हवेच्या तत्त्वावर ठरावीक सूर गिळतात. ते काढले की इंजिन गुरगुरतं, आणि गुरगुरणारी गाडी जोरात पळतेय असं कानाला वाटतं. त्यासाठी चारशे डॉलर द्यायचे असतील तर माझी हरकत नाही.

त्याला म्हटलं, आधी गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा साधा ओबीडी स्कॅनर लाव, हायवेला इनटेकच्या हवेचं तापमान बघ आणि बाहेरच्याशी ताडून पाहा. रविवारी उत्तर आलं: ‘बाहेर १०८, आत ११५.’ सात अंश फॅरनहाइट म्हणजे चार सेल्सिअससुद्धा नाही. कंपनीची नळी जवळपास बाहेरचीच हवा घेतेय. फोटोतला शंकू अजून त्याच्या कार्टमध्येच आहे.