गोधडीच्या कापडाचा पत्ता

गोधडी म्हणजे गावाहून आणायची वस्तू, असं मुंबईकर धरून चालतो. पण कोकणात किंवा घाटावर शिवलेली एखादी जुनी गोधडी उसवून पाहिली, तर आतल्या कापडाचा पत्ता बऱ्याचदा लालबाग-परळच्या कापडगिरण्यांचा निघेल.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची रीत मात्र गिरण्यांपेक्षा फारच जुनी. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत भिक्खूंच्या चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, दिलेल्या कायम ठेवींची नोंद आहे. हे चीवर अखंड कापडाचं नसे. विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचाराच्या, नियमांप्रमाणे कापड आधी कापायचं आणि मग भातखाचरांच्या बांधांसारखे तुकडे जोडून शिवायचं. कापलेल्या कापडावर कुणाचा डोळा राहत नाही, हे त्यामागचं एक कारण. ‘चिंधीचोर’ ही शिवी ज्या शहरानं रुळवली, त्याच शहराच्या डोंगरात हा नियम पाळला जात होता, ही गंमतच.

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरणगाव वसलं, आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे गडी एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपू लागले. प्रत्येकाच्या मालकीचं म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. त्या वळकटीत गोधडी. मुंबईत थंडी ती किती! इथे गोधडी पांघरण्यापेक्षा अंथरायलाच जास्त लागली. कापसाची गादी दमट हवेत गठ्ठा होते, पिंजाऱ्याची वाट पाहते. गोधडीला पिंजारी लागत नाही. धुवा, गॅलरीत वाळत टाका, संध्याकाळी तयार.

सुट्टीला गावी जाताना चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढायचा तेव्हा सामानात कापड असायचंच. त्याचं लुगडं व्हायचं, धोतर व्हायचं. विरलं की तेच गोधडीत जाऊन पुन्हा मुंबईला यायचं.

शिवण्यात नक्षीपेक्षा हिशेब जास्त. आत जुनी लुगडी, धोतरं थरावर थर पसरायची, वरून जरा धड कापड, फाटल्या जागी ठिगळ. मग मोठ्या नेढ्याच्या सुईनं कडेपासून धावदोरा घालत, चौकटीत चौकट घेत मध्याकडे यायचं. टाका सगळ्या थरांतून आरपार जायला हवा, नाहीतर धुताना आतलं कापड गोळा होतं. म्हणून धुवून धुवून मऊ झालेलं सुती कापडच हवं. कोऱ्या कापडातून सुई ओढताना बोटं दुखतात आणि गोधडीही पुठ्ठ्यासारखी होते. यंत्रावर इतके थर दाबाखाली नीट सरकत नाहीत. त्यामुळे शिलाई मशीन घरोघरी आलं तरी गोधडी हातावरच राहिली.

तुकड्यांचा बाजारही मुंबईनंच शिकवला. गिरणीतून उरलेलं कापड लांबीप्रमाणे फेंट, रॅग आणि चिंधी असं वेगळं काढून विकलं जाई. चिंधी म्हणजे कचरा नव्हे, तो विकाऊ माल होता.

गोधडी मागे पडली ती मशीनमुळे नाही आणि फक्त ब्लँकेटमुळेही नाही. आधी बोहारीण आली. जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं मिळू लागल्यावर त्या साठवून वर्षभरानं शिवत कोण बसणार? मला यात आळस दिसत नाही. पातेलं रोज उपयोगी पडतं. मग नायलॉन, टेरिकॉट, पॉलिस्टर आलं. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि चाकरमान्याच्या सामानातलं कापडही आटलं.

आज हौसेनं गोधडी शिवून घेणारे आहेत, आणि आईच्या साड्यांची हवी म्हणतात. कपाट उघडलं की त्यात सुती साड्या चारदोनच निघतात. बाकीच्या सिंथेटिक, थर एकमेकांवरून घसरतात आणि टाका धरत नाही.