उत्पन्नाच्या दाखल्याला ५००चा स्टॅम्प? कोणी सांगितलं बाप्पा!

ॲडमिशनचा सिझन आला की नागपुरात हीच बोंब, की आता १००चा स्टॅम्प पेपर बंद झाला, उत्पन्नाचा नाहीतर जातीचा दाखला काढाचा असन तर ५००चाच घ्या. अर्धं खरं आहे ना भाऊ, म्हणून तर चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं १००ची ड्युटी ५०० केली, पण ती करारनाम्यांसारख्या कामांना. दाखल्यासाठी किंवा सरकारी ऑफिसात, कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी १ जुलै २००४ पासूनच माफ आहे! साध्या कोऱ्या कागदावर चालते. आणि ९ मार्च २०१५ च्या जीआरनं तर बहुतेक दाखल्यांना प्रतिज्ञापत्रच काढून टाकलं, त्याजागी स्वयंघोषणापत्र, म्हणजे फॉर्म भरा, फोटो चिकटवा, सही ठोका, झालं, झेरॉक्सवर पण स्वतःच सही करायची. कायद्यानंच सांगितलं असेल तिथं मात्र प्रतिज्ञापत्र लागतंच.

मागच्या वर्षी सिव्हिल लाईन्समध्ये झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एका टायपिंगवाल्यानं माझ्या भाच्याच्या हातात स्टॅम्प टेकवलाच होता, मी म्हटलं काऊन लागते, तर म्हणे "सगळेच लावतात". खिडकीवर साध्या कागदावरच घेतलं. नाहीच घेतलं तर २००४ च्या आदेशाची प्रिंट दाखवा.