ल साज गुरुत्वाकर्षण सिद्धांत

गुरुत्वाकर्षण म्हणजे दोन वस्तूंमधील ओढ नसून बाहेरून बसणाऱ्या रेट्याचा परिणाम होय, असे मानणारा यांत्रिक सिद्धांत. अवकाशात अतिसूक्ष्म कण सर्व दिशांनी प्रचंड वेगाने धावत असतात, अशी त्याची कल्पना आहे. एकट्या वस्तूवर ते सगळीकडून सारखेच आदळतात. दोन वस्तू समोरासमोर आल्या की एकीची सावली दुसरीवर पडते, त्या बाजूचा मारा कमी होतो आणि वस्तू एकमेकींकडे ढकलल्या जातात. अंतर वाढेल तशी ही सावली अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते, म्हणजे गुरुत्वबल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते हा व्यस्त वर्गाचा नियम आपोआप मिळतो. सिद्धांताचे आकर्षण मुख्यतः याच गोष्टीत आहे.

जनकत्वाचा प्रश्न वादग्रस्त आहे. सिद्धांताला जिनीव्हाचे भौतिकशास्त्रज्ञ झॉर्झ-लुई ल साज (१७२४–१८०३) यांचे नाव मिळाले असले, तरी स्विस गणितज्ञ नीकॉला फात्यो द द्वीलिए यांनी हीच मांडणी १६९०च्या सुरुवातीला डच शास्त्रज्ञ हायगेन्झ यांना कळवून लंडनच्या रॉयल सोसायटीतही वाचली होती. फात्यो यांच्या हस्तलिखितावर न्यूटन, खगोलशास्त्रज्ञ हॅली व हायगेन्झ यांच्या सह्या आहेत. त्या संमतीच्या होत्या की केवळ पाहिल्याच्या, हे त्यांवरून ठरत नाही. न्यूटन यांच्या एका टिपणात, गुरुत्वाचे यांत्रिक स्पष्टीकरण शक्य असेल तर ते याच गृहीतकाने, अशा आशयाचा उल्लेख सापडतो. उलट स्कॉटिश गणितज्ञ डेव्हिड ग्रेगरी यांच्या नोंदीनुसार न्यूटन व हॅली फात्यो यांच्या कल्पनेला हसत असत. दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात, कारण न्यूटन यांचे या बाबतीतील मत स्थिर नव्हते. फात्यो यांचे लेखन मात्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशितच राहिले. ल साज यांना ही कल्पना स्वतंत्रपणे १७४०–५०च्या दशकात सुचली असावी. आपल्याआधी फात्यो होऊन गेले, हे कळल्यावर त्यांनी फात्यो यांचे काही कागद मिळवून जतन केले. प्रथम मांडणीचा मान फात्यो यांना देणे रास्त ठरते. सिद्धांत चर्चेत ठेवण्याचे श्रेय ल साज यांचे.

वैज्ञानिक आक्षेप : कणांची टक्कर पूर्ण स्थितिस्थापक (ऊर्जा न गमावणारी) असेल, तर परावर्तित कण सावलीतील तूट भरून काढतात आणि आकर्षण उरतच नाही. म्हणून कणांनी टकरीत ऊर्जा गमावलीच पाहिजे, आणि ती वस्तूंत उष्णतेच्या रूपाने साठली पाहिजे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७५ मध्ये नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिन यांनी ही ऊर्जा कणांच्या अंतर्गत कंपनात व भ्रमणात जाते असे सुचवून सिद्धांताला नवे बळ देण्याचा प्रयत्न केला होता. मॅक्सवेल यांचे त्याने समाधान झाले नाही.

दुसरा आक्षेप अवरोधाचा. पावसात धावणाऱ्याला समोरून जास्त थेंब लागतात, तसे कक्षेत फिरणाऱ्या ग्रहावरही पुढच्या बाजूने अधिक कण आदळतील आणि त्याची गती मंदावेल. या दोन आक्षेपांचा एकत्र विचार केला की अडचणीचे खरे स्वरूप दिसते. गुरुत्वबल ठरावीक ठेवले, तर कणांचा वेग वाढवल्याने अवरोध त्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, पण उष्णता वेगाच्या सम प्रमाणात वाढते. एक आक्षेप टाळावा तर दुसरा बळावतो. फ्रेंच गणितज्ञ प्वँकारे यांनी १९०८ मध्ये आकडेच मांडले : ग्रहांच्या गतीत दिसून येईल असा अवरोध नको असेल, तर कणांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किमान २४ × १०<sup>१७</sup> पट हवा, आणि मग पृथ्वीचे तापमान दर सेकंदाला १०<sup>२६</sup> अंशांनी वाढेल. प्रस्तुत लेखकाच्या मते सिद्धांताचा निकाल येथेच लागतो.

गुरुत्व वस्तुमानाच्या प्रमाणात असते, हे साधण्यासाठी द्रव्य या कणांना जवळजवळ पूर्ण पारदर्शक मानावे लागते. तरीही कणांचे थोडे शोषण होणारच. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ क्वीरीनो मायोराना यांनी १९१९च्या सुमारास पाऱ्याने वेढलेल्या शिशाच्या गोळ्याचे वजन किंचित घटल्याचा दावा केला. एवढे शोषण खरे असते, तर भरती-ओहोटी प्रत्यक्षाहून फारच वेगळी दिसली असती, असे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी १९२१ मध्ये दाखवले.

कणांऐवजी विद्युत्‌चुंबकीय प्रारणे (प्रकाशासारखे तरंग) घेण्याचा पर्याय डच भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्स यांनी १९०० मध्ये तपासला. त्यातही सतत ऊर्जा शोषली गेली तरच आकर्षण निर्माण होते, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. नंतरच्या आवृत्त्या बहुधा याच चौकटीत राहिल्या आहेत. दरम्यान १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (अतिशय घन मृत ताऱ्यांच्या) विलयातून आलेली गुरुत्वीय तरंगे व गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर १.७ सेकंदांच्या फरकाने पोहोचले. गुरुत्वाचा प्रभाव प्रकाशाच्या वेगाने पसरतो, असे त्यावरून दिसते. ल साज यांच्या कणांना याच्या कित्येक पट वेग लागतो.