‘कन्व्हीनियंट’ चिनी विद्यार्थ्यांना का चकवतो?

‘आर यू कन्व्हीनियंट टुमॉरो?’ चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत हे वाक्य हमखास भेटतं. शब्दकोशात ‘फांगब्येन’ या चिनी शब्दापुढे ‘कन्व्हीनियंट’ असं लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो.

फांगब्येन रुळला तो बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या दुसऱ्या प्रकरणातल्या ‘उपायकौशल्या’साठी भाषांतरकार धर्मरक्षाने इ.स. 286 मध्ये वेगळा शब्द योजला होता. 406 साली छांगआनमध्ये (आजचं शीआन) नवं भाषांतर करताना कुमारजीवाने फांगब्येन वापरला आणि तोच टिकला. म्हणजे हा आपला ‘उपाय’च: ऐकणाऱ्याची कुवत पाहून काढलेली युक्ती. पुढे त्याला सोय, सवड असे अर्थ फुटत गेले. आज झटपट नूडल्सना ‘फांगब्येन म्येन’ म्हणतात आणि शौचाला जाणंही फांगब्येनच. (ब्रिटिश इंग्रजीतही सार्वजनिक शौचालय म्हणजे ‘पब्लिक कन्व्हीनियन्स’, पण तो योगायोग.) मुख्य म्हणजे चिनीत माणूसच फांगब्येन असतो. ‘नी मिंगथ्येन फांगब्येन मा?’ म्हणजे उद्या तुम्हाला जमेल का? हात फांगब्येन नाही म्हणजे पैशांची चणचण, पाय फांगब्येन नाहीत म्हणजे चालायला त्रास.

इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन ‘कोन्वेनीरे’, म्हणजे एकत्र येणं, जुळणं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ योग्य, साजेसा असा होता. 1611 च्या बायबलमधल्या ‘फूड कन्व्हीनियंट फॉर मी’चा अर्थ मला आवश्यक तेवढं अन्न, सहज हाताशी येणारं नव्हे. सोयीचा अर्थ नंतर वरचढ झाला, तरी रचना तीच राहिली: वेळ, जागा किंवा बेत माणसाला जुळतो. म्हणून कर्ता वेळ किंवा ‘इट’, आणि माणूस ‘फॉर’नंतर: ‘इज टुमॉरो कन्व्हीनियंट फॉर यू?’ मराठीत ‘तुम्हाला सोयीचं’ अशी चतुर्थी असल्याने आपण इथे सहसा अडखळत नाही.

पण नुसता कर्ता बदलून दरवेळी भागत नाही. पाय आणि पैशांच्या वाक्यांत हा शब्द सोडूनच द्यावा लागतो: ‘ही हॅज ट्रबल वॉकिंग’, ‘आय ॲम शॉर्ट ऑफ मनी’. पाठ्यपुस्तकं कर्त्याचा नियम घोकून घेतात, टोमण्याची छटा मात्र सहसा राहून जाते. आयत्या वेळी कुणी सबब सांगितली की इंग्रज ‘हाउ कन्व्हीनियंट!’ म्हणतो, तेव्हा तो संशय घेत असतो. बैठकीची तारीख कळवणाऱ्या ग्राहकाला कौतुक म्हणून हेच उत्तर पाठवलं, तर ते त्याला झोंबू शकतं.