दुधाचा दरफरक आणि दुधाचं अनुदान: पासबुकातल्या दोन ओळी

२०२४ची दिवाळी होऊन गेल्यावर शेजारच्या काकी पासबुक घेऊन आमच्या पडवीत येऊन बसल्या. आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. काकींच्या गोठ्यात एक संकरित गाय, एक म्हैस. दोन्ही वेळचं दूध सोसायटीत. "गो, हे दोन-दोन बोनस कसले? आणि म्हशीचो खंय गेलो?"

पासबुकात खरंच दोन ओळी होत्या, एक सोसायटीकडून आणि एक शासनाकडून. गावात दोन्हींना बोनसच म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

दरफरक हा आपल्याच दुधाचा पैसा. वर्षभर दूध संघ, म्हणजे सोसायट्यांचं दूध घेणारी मोठी संस्था, जो दर देतो, तो थोडं हातचं राखून. मार्चअखेर हिशेब झाला की ज्याने जितके लिटर घातले त्या मानाने उरलेलं दिवाळीच्या आधी मिळतं. तो गायीच्या दुधावर असतो, तसा म्हशीच्याही. पण पैसा सोसायटीतून येतो, म्हणून वाटेत कापलाही जातो. उधारीवर नेलेली पेंड वळती होते, काही संघ त्यातला भाग डिबेंचर म्हणून, म्हणजे संघाकडची ठेव म्हणून ठेवून घेतात. काकी रक्कम कमी आली म्हणून चिडल्या होत्या. पेंडीची पोती मोजायला लागल्यावर गप्प झाल्या.

अनुदान शासनाचं, आणि ते कायमचं नव्हे. गायीच्या दुधाचे दर पडले म्हणून ११ जानेवारी २०२४पासून लिटरमागे ५ रुपये सुरू झाले, १० मार्चला थांबले. मग १ जुलैपासून पुन्हा ५, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी ७. म्हैस यात नव्हतीच. शिवाय ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दुधाला संघाने आधी ठरलेला दर द्यायचा अशी अट: जुलैपासून ३० रुपये, ऑक्टोबरपासून २८. बेरीज दोन्ही वेळा ३५च. अनुदान दोन रुपयांनी वाढलं म्हणून आमच्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. संघाचा दर तेवढाच उतरला, हे फार थोड्यांनी पाहिलं.

दरफरकाला सोसायटीची वही पुरते. अनुदानाला गायीचा कान लागला. कानातला पिवळा बिल्ला, त्यावरचा १२ आकडी नंबर, मालकाचं नाव आणि आधारला जोडलेलं खातं, सगळं जुळलं तर पैसे थेट खात्यात. इथे आमच्या कोकणाची खास अडचण येते. गुरं कातळावर सोडलेली, करवंदीच्या जाळीत तोंड घालतात आणि बिल्ला काट्यात अडकून तुटतो. काकींच्या गायीचा श्रावणात असाच गेला. कानाला चीर पडली ती दिसली, हळद लावली. नव्या बिल्ल्याचा नंबर मात्र ऑनलाइन चढवायला कोणाला सुचलं नाही. तेवढ्या दिवसांचं अनुदान आलंच नाही. दुसऱ्या एका घरात गाय अजून सासऱ्यांच्या नावावर आणि दुधाचं खातं सुनेचं. तिथेही तेच.

गावठी गाय दोन लिटर देणार, त्यातलं वासराला सोडून उरलेलं चहाला. तिच्यावर ५ रुपयांनी फारसं काही हलत नाही. आणि जे घरोघर रतीब घालतात किंवा हायवेवरच्या हॉटेलांना दूध देतात, त्यांना दर बरा मिळतो, पण या दोन्ही ओळी त्यांच्या पासबुकात येत नाहीत. (गाय-म्हैस विकत घ्यायला मिळणारं ५० किंवा ७५ टक्के अनुदान हे तिसरंच प्रकरण, त्याचा लिटरशी संबंध नाही.)

तेव्हा दरफरक कमी वाटला तर सचिवाकडे लिटरची आणि पेंडीची वही मागावी. असं अनुदान पुन्हा सुरू झालं आणि अडलं तर सचिवाशी भांडण्याआधी गोठ्यात जाऊन बिल्ल्याचा फोटो काढावा आणि जनावरांच्या दवाखान्यात नोंद तपासून घ्यावी.

काकींनी सोसायटीच्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे म्हशीचो ह्याच्यातच इलो?"

"होय. पेंड वजा जाऊन."