विद्युत तळतापन, लाकडी जमिनीवरील

खोलीच्या जमिनीत विजेच्या तापक तारा किंवा तापक पत्रे बसवून खोली उबदार ठेवण्याची पद्धती. गरम पाण्याच्या नळ्या वापरणे हा तळतापनाचा दुसरा मोठा प्रकार असून त्यास बॉयलर व पंप लागतात. प्रस्तुत नोंदीत कडीपाट, तक्तपोशी किंवा प्लायवूड अशा लाकडी जमिनीवरील घरगुती विद्युत तळतापनाचा, विशेषतः मराठवाड्यातील वाड्यांच्या संदर्भात, विचार केला आहे.

उगम : जमिनीखालून ऊब देण्याची कल्पना प्राचीन आहे, तिचा जनक कोण, याविषयी मात्र मतभेद आहेत. थोरल्या प्लिनीने (मृत्यू इ.स. ७९) ‘लटकत्या स्नानगृहां’चे श्रेय गायस सर्जियस ओराटा या रोमन व्यापाऱ्याला दिले आहे. ओराटाचा काळ साधारणपणे इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आरंभी धरतात. ‘लटकती’ म्हणजे बुटक्या खांबांवर उचललेली, खालून धूर व गरम हवा खेळवलेली जमीन, असा अर्थ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तथापि ओराटाची ख्याती कालवांच्या पैदाशीसाठी होती आणि प्लिनीचा उल्लेखही त्याच संदर्भात येतो. त्यामुळे ही रचना स्नानगृहांची नसून जलचरांच्या तलावांची असावी, असेही सुचविले गेले आहे. शिवाय ग्रीसमधील गॉर्टिस येथील स्नानगृहात तापविलेल्या जमिनीचे अवशेष मिळाले असून ते बहुधा इ.स.पू. तिसऱ्या शतकातील आहेत. हे पाहता ओराटाकडे फार तर प्रसाराचे श्रेय जावे, शोधाचे नव्हे. कोरियातील ‘ओंडोल’ ही चुलीचा धूर दगडी फरशीखालून नेणारी परंपरा यांपासून स्वतंत्रपणे विकसित झालेली दिसते.

मराठवाड्यात तेर (प्राचीन तगर, जि. धाराशिव) येथे रोमन व्यापारसंबंधांच्या खुणा सापडल्या असून तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात उत्खनित वस्तू जतन केल्या आहेत. परंतु व्यापारी मालाच्या खुणांवरून तापविलेल्या जमिनीचा संबंध जोडणे योग्य होणार नाही. दौलताबादच्या किल्ल्यातील हमाम (गरम स्नानगृह) हा अधिक जवळचा दाखला होय. तो सामान्यतः मोगलकालीन मानला जातो. हमामाची बांधणी दगड-चुन्याची असे, आणि येथेच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे : जाळ किंवा धूर खालून नेता येईल अशी जमीन लाकडी असूच शकत नव्हती. मोजून देता येणारी मंद उष्णता आणि ती वेळीच तोडणारा थर्मोस्टॅट हाती आल्यावरच लाकूड या पद्धतीच्या कक्षेत आले.

लाकूड व उष्णता : लाकडाची उष्णतावाहकता सुमारे ०.१२ ते ०.१८ वॅट प्रति मीटर-केल्विन असते. काँक्रीटची तिच्या साधारण दहापट. त्यामुळे खाली निर्माण झालेली उष्णता वर येण्यास लाकूडच अडथळा करते. वरच्या आच्छादनाचा एकूण उष्णतारोध ०.१५ चौ.मी.-केल्विन प्रति वॅटपेक्षा जास्त नसावा, असा संकेत आहे. पाऊण इंची फळी या मर्यादेत बसते. इंचभर जाडीची जुनी सागवानी फळी बहुधा बसत नाही. उष्णता अडली की तापक तारेलगतचे तापमान वाढते, फळी खालच्या अंगाने सुकते आणि वाकते. म्हणून राहत्या खोलीच्या जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान युरोपीय मानकात २९ अंश सेल्सिअसपर्यंत चालत असले, तरी लाकडी आच्छादनाचे उत्पादक बहुधा २७ अंशांची मर्यादा घालतात. शक्तीही बेताची ठेवतात : कड्यांच्या मधल्या पोकळीत तारा बसवल्यास दर चौरस मीटरला ६० ते ८० वॅट, तर उष्णतारोधक पत्र्यावरील फॉइल मॅटसाठी (धातूच्या पातळ पत्र्यात तापक तारा बसवलेली चटई) थोडी अधिक. फरशीखाली चालणारी १५० वॅटची मॅट लाकडाखाली घालू नये.

बांधणी : युरोपातील लाकडी जमीन पोकळ असते. कड्यांमध्ये खनिज लोकर भरून तिच्यावर जाळीने तारा टांगतात आणि वर फळ्या ठोकतात. मराठवाड्यातील वाड्याची माडी तशी नसते. जवळजवळ बसवलेल्या कड्या, त्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर आणि वर शेणाचे सारवण किंवा पुढच्या काळात शहाबादी फरशी, अशी तिची सर्वसाधारण रचना आहे. कडीपाट खालून उघडा व अनेकदा कोरीव असतो. तो झाकून खालून तारा बसविणे म्हणजे वाड्याचे वैभव गमावणे होय. तसेच रोधक थराशिवाय वरून मॅट अंथरली, तर उष्णता आधी मातीत शिरते आणि खोली तापेपर्यंत पहाट सरते. त्यामुळे परदेशी माहितीपत्रकातील आकृती येथे जशीच्या तशी लावणे चूक ठरते.

योग्य क्रम वरून खाली न जाता सपाटीवरच थर चढविण्याचा आहे. जमीन समतल करून वाळवी व ओल तपासावी. त्यावर ६ ते १० मि.मी. जाडीचा उष्णतारोधक पत्रा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलची तापक मॅट आणि वर न ठोकता एकमेकींत अडकवलेल्या इंजिनिअर्ड (थर चिकटवून बनवलेल्या) लाकडाच्या पट्ट्या घालाव्यात. भिंतीलगत ८ ते १० मि.मी. फट सोडावी. जमीन सुमारे इंचभर वर येते, तेव्हा उंबरा, दाराची फळी आणि जिन्याची शेवटची पायरी आधीच मोजून घ्यावी लागते.

तारांवर सिमेंटचा थर ओतण्याची पद्धत मात्र येथे टाळावी. ५० मि.मी. जाडीच्या अशा थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरील मातीचा प्रचंड भार किती घातक ठरतो, हे लातूर व धाराशिव जिल्ह्यांनी पाहिले आहे. जुन्या माडीवर भार वाढविणारा कोणताही उपाय, तो कितीही उबदार असला, तरी समर्थनीय नाही. कड्या व तुळया भिंतीत जेथे टेकतात तेथील लाकूड कुजले नाही ना, हे जाणत्या सुताराकडून पाहूनच काम सुरू करावे.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो व हवा कोरडी होते, तर पावसाळ्यात लाकूड ओल शोषते. ही वार्षिक हालचाल तापनामुळे होणाऱ्या हालचालीपेक्षा मोठी असते. नवीन पट्ट्या बसविण्यापूर्वी काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात. हंगामात यंत्रणा प्रथम सुरू करताना तापमान रोज एक-दोन अंशांनीच वाढवावे.

उपयोग : मराठवाड्यात थंडीचा कडाका डिसेंबर-जानेवारीत काही आठवडे असतो, परभणीत किमान तापमान कधी पाच अंशांखालीही उतरते. शेगडी व घोंगडी हेच येथील रूढ उपाय असून विद्युत तळतापन अपवादानेच आढळते. वृद्ध किंवा संधिवाताच्या रुग्णांच्या खोलीत ते उपयोगी पडते. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा धोका त्यात नसतो, ही बाब लहान नव्हे.

जमिनीवर गादी घालून झोपण्याची पद्धत येथे विचारात घ्यावीच लागते. गादी, जाड सतरंजी किंवा तळ टेकलेले कपाट यांखाली उष्णता कोंडते आणि तेथील लाकूड मर्यादेबाहेर तापते. म्हणून अंथरुणाची जागा मॅटमधून वगळावी. १० × १२ फुटांच्या खोलीत (सुमारे ११ चौ.मी.) ८ चौ.मी. जागा मोकळी धरल्यास, १०० वॅट प्रति चौ.मी. दराने भार ८०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर होतो. सहा तास अखंड चालल्यास ४.८ युनिट वीज लागेल. थर्मोस्टॅट मधूनमधून पुरवठा तोडत असल्याने प्रत्यक्ष खप कमी राहतो.

विद्युत सुरक्षा : भार किरकोळ असला, तरी जुन्या वाड्यांतील लाकडी पट्टीवरची तारजोडणी त्यासाठी वापरू नये, अशा जोडणीत अर्थिंग अनेकदा नसते. स्वतंत्र परिपथ, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे साधन) आणि तारेच्या धातुकवचाची व फॉइलची अर्थिंग अनिवार्य आहे. वायरिंगसाठी आयएस ७३२ व अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके लागू होतात. तापक तारांसाठी आयईसी ६०८०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे.

तापक तार कधीही कापू नये. वळविण्यासाठी फक्त जाळी किंवा फॉइल कापतात. दोन तारा एकमेकींना स्पर्श करता कामा नयेत, कारण त्या जागी तापमान वाढून आवरण वितळते. जमिनीचे तापमान मोजणारा संवेदक दोन तारांच्या मधोमध नळीत ठेवतात, म्हणजे तो निकामी झाल्यास जमीन न उखडता ओढून बदलता येतो. मॅट अंथरण्यापूर्वी, अंथरल्यावर आणि आच्छादन घातल्यावर असा तीनदा तारेचा विद्युतरोध मोजतात, तसेच मेगरने (आवरणाचा विद्युतरोध मोजणारे उपकरण) आवरणाची तपासणी करतात. आकडे उत्पादकाच्या पट्टीशी जुळले तरच पुढे जावे. तारांच्या मांडणीचे छायाचित्र वीजफलकाजवळ लावून ठेवावे. तुटलेल्या तारेची जागा तारदोष शोधणाऱ्या उपकरणाने निश्चित करतात; आवरणातला दोष असल्यास उष्णताचित्रक कॅमेऱ्याचीही मदत होते. न ठोकलेल्या पट्ट्या तेवढ्यापुरत्या उचलून तार दुरुस्ती-संचाने जोडता येते.