ब्लॉक सगळ्यांचा, पॅटर्न कुणाचा?

एकीनं पैसे मोजून क्विल्टच्या, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवायच्या गोधडीच्या, पॅटर्नची पीडीएफ विकत घ्यायची आणि मंडळातल्या बाकी दहाजणींना पाठवून द्यायची, यावरून अमेरिकेतल्या क्विल्टरांमध्ये अधूनमधून चांगलीच जुंपते. पाठवणारीला त्यात गैर काही दिसत नाही. नमुने तर आपण पूर्वापार एकमेकींना देत आलोय, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटंही नाही. फक्त ती ज्याला नमुना म्हणते आणि डिझायनर ज्याला पॅटर्न, म्हणजे शिवण्याची लिहून काढलेली कृती, म्हणते, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

एकोणिसाव्या शतकात नमुना कागदावर क्वचितच असे. जत्रेतल्या प्रदर्शनात किंवा कुणाच्या घरी पलंगावर एखादा ब्लॉक, म्हणजे क्विल्टमध्ये पुन्हा पुन्हा येणारा तुकड्यांचा चौकोन, नजरेत भरला, की घरी येऊन उरल्यासुरल्या चिंध्यांतून त्याचा एकच चौकोन शिवून ठेवायचा. रंग जुळले नाहीत तरी चालायचं; कुठला तुकडा कुठं बसतो तेवढं लक्षात राहायला हवं. अशा चौकोनांची चळत म्हणजेच बाईची वही. दुसरीला हवा असेल तर ती त्यावरून साचे कापून घेई. नमुना असा गावोगाव फिरे आणि वाटेत नाव बदले. एकच ब्लॉक बहुतेक ठिकाणी ‘अस्वलाचा पंजा’, लाँग आयलंडवर ‘चिखलातलं बदकाचं पाऊल’, तर फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या बायकांमध्ये ‘मैत्रीचा हात’. क्विल्टच्या अभ्यासक बार्बरा ब्रॅकमन यांनी पुढे तुकडेजोड नमुन्यांचा कोश केला, त्यात चार हजारांवर नमुने आहेत. त्यातले बरेचसे पहिल्यांदा कुणी जोडले, हे कुणालाच सांगता येणार नाही.

छापील नमुने तसे जुने. ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकानं १८३५ मध्येच षटकोनी तुकड्यांचा नमुना छापला होता. पण नमुन्याचा धंदा सुरू केला तो सेंट लुईसच्या लेडीज आर्ट कंपनीनं, १८८९ पासून. लोकांत फिरणारे ब्लॉक गोळा करायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि टपालानं विकायचे. जे बायका एकमेकींना फुकट देत होत्या, तेच आता कॅटलॉगमधून विकत मिळू लागलं.

मेरी वेब्स्टर यांचं काम वेगळं होतं. त्यांची फुलापानांची क्विल्ट्स १९११ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’मध्ये रंगीत छापून आली आणि पॅटर्नच्या मागणीची पत्रं सुरू झाली. मग इंडियानातल्या मॅरियनमधल्या राहत्या घरातून त्या पॅटर्न विकू लागल्या. ही रचना त्यांची स्वतःची होती आणि पाकिटावर नावही त्यांचंच.

यानंतर वर्तमानपत्रं आली. ‘कॅन्सस सिटी स्टार’नं १९२८ मध्ये रूबी मॅकिम यांच्या पाइन वृक्षाच्या ब्लॉकनं सुरुवात केली आणि १९६१ पर्यंत हजारावर नमुने छापले. त्यातले कितीतरी वाचकांनी पाठवलेले. दुसरीकडे लॉरा व्हीलर आणि ॲलिस ब्रूक्स या नावांनी देशभरच्या वर्तमानपत्रांत नमुने येत होते, पण या बायका मुळात नव्हत्याच. न्यू यॉर्कच्या एका टपाल-विक्री कंपनीनं घेतलेली ती टोपणनावं होती. आजीचा म्हणून सांभाळलेला नमुना कित्येकदा अशा पगारी टेबलावर जन्मलेला निघतो. वाटून घेण्याच्या परंपरेबद्दल हळवं होण्याआधी मला हे आठवतं.

नाव गळून पडण्याचा कळस १९३३ चा. शिकागोच्या जागतिक मेळ्यानिमित्त सीअर्स या टपालानं माल विकणाऱ्या बड्या कंपनीनं घेतलेल्या स्पर्धेत चोवीस हजारांहून जास्त क्विल्ट्स आली. पहिलं बक्षीस केंटकीच्या मार्गारेट केडन यांना मिळालं. त्या क्विल्टमधला एक टाकाही त्यांनी घातलेला नव्हता. काम पैसे देऊन दुसऱ्या बायकांकडून करून घेतलेलं होतं, आणि बक्षिसातला वाटा त्यांना मिळाला नाही.

कायदा या सगळ्यात उशिरा आणि बाजूनं शिरला. १९०९ च्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइटची सूचना न छापता काही प्रसिद्ध केलं, की ते थेट सार्वजनिक मालकीचं होई, म्हणजे कुणीही वापरावं. सूचना असली तरी २८ वर्षांनी नूतनीकरण करावं लागे, आणि ते कोण लक्षात ठेवतंय! १९७८ पासून नवा कायदा लागू झाला आणि मार्च १९८९ पासून सूचनेची सक्तीही गेली. आज कागदावर उतरवलेला पॅटर्न, म्हणजे त्यातला मजकूर, आकृत्या, फोटो, आपोआप संरक्षित असतो. साधा चौकोन, त्रिकोण, तारा मात्र कुणाचाच नाही. म्हणजे ‘अस्वलाचा पंजा’ कुणीही शिवावा. तो कसा शिवायचा हे एकीनं लिहिलेली आठ पानं दुसरीनं वाटू नयेत.

मधली जागा कुठं, हे २००१ च्या एका निकालात दिसतं. ज्युडी बॉइसन यांच्या क्विल्टमध्ये पाच-पाच चौकटींच्या सहा ओळी होत्या; सव्वीस चौकटींत इंग्रजी मुळाक्षरं, उरलेल्या चारांत चित्रं. बॅनियन या कंपनीनं तशीच मुळाक्षरांची क्विल्ट्स विकायला काढली. मुळाक्षरं कुणाच्या मालकीची नाहीत, हे अपील न्यायालयानं मान्य केलं. पण अक्षरांची मांडणी आणि रंगांची निवड मिळून झालेली रचना बॉइसन यांची, असं म्हणत काही क्विल्ट्स नक्कल ठरवली.

कापडाच्या काठावर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं छापलेलं असतं, त्यात फारसा दम नाही. तसल्या कापडाची बिछान्याची सामग्री शिवून विकणाऱ्या दुकानाच्या बाजूनं १९९७ मध्येच एक निकाल लागला आहे. या पॅटर्नवरून शिवलेलं क्विल्ट विकू नये, ही डिझायनरची अट कितपत टिकते, यावर वकिलांचंही एकमत नाही.

क्विल्टरांचा सगळ्यात मोठा संताप मात्र जिथं कॉपीराइटचा प्रश्नच नव्हता तिथं झाला. १९९२ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयानं आपल्याकडच्या जुन्या क्विल्ट्सच्या प्रती चीनमध्ये करून विकायला परवानगी दिल्याचं बाहेर आलं. त्यात हॅरिएट पॉवर्स यांचं बायबल क्विल्टही होतं. सह्यांची मोहीम झाली, निदर्शनं झाली, आणि पुढे काही काम वेस्ट व्हर्जिनियातल्या केबिन क्रीक क्विल्टर्स या गटाकडे दिलं गेलं.

पॉवर्स जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या. जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेला त्यांनी आधी क्विल्टचे दहा डॉलर सांगितले होते. पुढे पैशांची चणचण भासली तेव्हा पाचांत दिलं. देताना त्यांनी अकराही चौकटींतले प्रसंग एकेक करून समजावून सांगितले. जेनी स्मिथ यांनी ते लिहून ठेवले.